ऐकून घेणारा माणूस

आमच्या कंपनीच्या एका फायलीत माझ्या हस्ताक्षरातला एक कागद आहे. त्यात खालून चौथ्या ओळीत 'वाजला' हा शब्द खोडलाय आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'ऐकू आला' असं लिहिलंय. आधीचा शब्द माझा, खोडणं माझं, वर लिहिलेलंही माझंच. सही मात्र दाजींची आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या एका शब्दापायी स्टोअरकीपरची नोकरी गेली आणि परत आली, दाजींच्या हातातली गन गेली ती कायमची गेली, आणि ज्याच्यावरून हे सगळं झालं तो माणूस आधीच गेलेला होता. दाजी आता घरीच असतात. लोक मला विचारतात, तुझे दाजी एवढे गप्प का झाले. मला हसू येतं, कारण गप्प ते पहिल्यापासूनच होते. लोकांच्या ध्यानात आत्ता आलं.

दाजींचं सांगायचं तर आधी बर्फाचं सांगावं लागेल. आमची कंपनी दुसऱ्यांच्या कारखान्यांतली घाण काढते, आणि ती ड्राय आइसने काढते. आम्ही त्याला नुसतं बर्फ म्हणतो, पण तो पाण्याचा बर्फ नव्हे. उघड्यावर ठेवला तर वितळत नाही, नुसता नाहीसा होतो, खाली ओलसुद्धा राहत नाही. तांदळाएवढे दाणे जाड खोक्यांतून येतात. ते मशीनच्या नरसाळ्यात ओतायचे. कॉम्प्रेसरची हवा त्यांना नळीतून गनपर्यंत नेते, आणि गनच्या तोंडातून ते साच्यावर जाऊन आदळतात. वर्षानुवर्षं जळून बसलेली काळी खपली थंडीने आकसते, तडकते आणि गळून पडते. दाण्याचा वायू होऊन जातो. आमचे मॅनेजर गिऱ्हाइकाला सांगायचे, पाणी नाही, वाळू नाही, मागे काही म्हणून उरत नाही. वायूचं नाव काढायचे नाहीत. तो उरतो. दिसत नाही, वास येत नाही, हवेपेक्षा जड असतो, आणि खोलगट जागा बघून तळाशी बसून राहतो.

दाजींनी सोळा वर्षं गन धरली. रबराच्या साच्यावर केसाएवढी बारीक अक्षरं कोरलेली असतात. त्या अक्षरांच्या खाचांतली घाण दाजी काढायचे आणि अक्षराच्या कडेला धक्का लागायचा नाही. काम झालं की हातमोजा काढून अंगठा साच्यावरून फिरवायचे आणि अंगठ्याकडे बघायचे. अंगठा स्वच्छ असला की खूश. एवढीच त्यांची ऐट. बाकी माणूस नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आता गनचा आवाज. शेजारी उभं राहिलं तर दात हलतात. हल्ली कानात बोंडं आणि वर जाड झाकणं, असं दुहेरी देतात. दाजी लागले तेव्हा कापसाचा बोळा आणि वरून फडकं, बस. नऊ वर्षांत दाजींचे दोन्ही कान गेले. एकदम नाही, हप्त्याहप्त्याने गेले. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग पोरीचं हसणं गेलं, मग दारावरची थाप. घरात त्यांना बोलवायचं तर ताई दोनदा दिवा लावायची आणि विझवायची. पूर्वी ती भांडायला लागली की दाजी पाठ करून बसायचे. पुढे पुढे ती आधी त्यांच्या समोर जाऊन उभी राहायची, हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची आणि मग भांडायची. "भांडायचीसुद्धा मेहनत करावी लागते रे मला," असं मला म्हणायची.

बाहेर मात्र कुणाला पत्ता नव्हता. समोरच्याचे ओठ दिसले तर दाजींना बरंचसं कळायचं. नाही दिसले तर मान हलवायची, बारीक हसायचं आणि "बरोबर आहे" म्हणायचं. एवढ्या भांडवलावर सात वर्षं काढली त्यांनी. कंपनीत त्यांची ख्याती अशी की माणूस फार खोल आहे, कधी कुणाचं बोलणं तोडत नाही. मी मनात म्हणायचो, तोडतील कसं, कुठे सुरू झालं ते तरी कळायला हवं ना.

वर्षातून एकदा कान तपासायचे. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला यंत्र लावतात, बाहेरून नर्स बारीक शिट्टी सोडते आणि ऐकू आली की आपण बोट वर करायचं. पहिल्या वर्षी मी दाजींच्या आधी आत बसलो होतो. मला दिसलं की नर्स बटण दाबते तेव्हा तिचं उजवं कोपर थोडं बाहेर येतं. मी बाहेर येऊन दाजींना खुणेने दाखवलं, कोपर बघा. दाजी सात वर्षं त्या कोपरावर पास झाले. एका वर्षी तर नर्स म्हणाली, तुमचे कान तुमच्या मेहुण्यापेक्षा चांगले आहेत. आम्ही दोघं जिन्यात बसून पोट धरून हसलो होतो. आज त्या हसण्याची मला लाज वाटते, हे इथेच सांगून टाकतो.

लपवलं कशासाठी? मी एकदा विचारलं होतं. कान गेले हे कळलं असतं तर गन काढून घेऊन दाजींना गेटवर वही देऊन बसवलं असतं. काम सुटलं नसतं, नुसतं बदललं असतं. दाजी म्हणाले, "गेटवर माणसं येणार, बोलणार, आणि मी त्यांची तोंडं बघत बसणार. इथे गन चालू झाली की कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथे मी सगळ्यांसारखाच असतो." मी कानाडोळा केला. पुढे तर तीच माझी नोकरी झाली.

मशीनपाशी माझं काम नरसाळ्यात बर्फ ओतायचं आणि खड्ड्याच्या काठावर उभं राहायचं. मोठ्या प्रेसच्या खाली माणूसभर खोल खड्डा असतो. त्यात उतरून खालचे साचे साफ करावे लागतात. खड्ड्याच्या तळाला वायू साठू नये म्हणून पंखा लावलेला असतो आणि तो एका जाड पाइपातून तळाची हवा ओढून बाहेर टाकतो. शिवाय गनवाल्याच्या कमरेला एक मीटर असतो. वायू वाढला की तो किंचाळतो. गन चालू असताना ते किंचाळणं ऐकू येत नाही, म्हणून नियम असा की दर मिनिटाला गन थांबवायची, तीन अंक मोजायचे, कान द्यायचा आणि मग पुढे चालू करायचं. दाजी हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळायचे. गन थांबवायचे, तिच्या दांड्यावर तीन बोटं एकामागून एक टेकवायचे, आणि वर माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की पुढे. मीटर वाजत असला तर मी नळीला तीन हिसके द्यायचो, म्हणजे वर या. सात वर्षांत दोनदा दिले होते. दोन्ही वेळा दाजी पळत वर आले. आमचं असं ठरलेलं होतं की ऐकायचं मी आणि कान द्यायचा त्यांनी.

खड्ड्यात दाजींच्या मागे आणखी एक जण असायचा. साच्यावरून पडलेली काळी खपली गुडघ्यांवर बसून पोत्यात भरायचं त्याचं काम. पन्नाशीचा, काटकुळा, आणि तोंडाचा पट्टा असा की सगळे त्याला रेडिओ म्हणायचे. त्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. सासऱ्याचं आजारपण, शेजाऱ्याचं मांजर, लहानपणी विहिरीत पडलेली चप्पल, काहीही सुरू करायचा आणि कशालाच शेवट नसायचा. आधीच्या तीन टोळ्यांनी त्याला कंटाळून हाकललं होतं. दाजींकडे आला आणि टिकला. गन चालू असतानाही तो बोलायचा. गन थांबली की त्या तीन अंकांत त्याचं एखादं वाक्य मावायचं. मॅनेजरला वाटायचं दाजी मीटरचा कानोसा घेतायत, रेडिओला वाटायचं आपलं ऐकून घेतायत, आणि दाजी नुसते बोटं मोजत असायचे.

डबा खातानाही तेच. दाजी डब्यात बघत जेवायचे, मधूनच मान वर करून "बरोबर आहे" म्हणायचे. रेडिओचा चेहरा फुलायचा. मला म्हणायचा, "मेहुणे, जरा शिका यांच्याकडून. माणूस कसा ऐकून घेतो बघा." एकदोनदा माझ्या जिभेवर आलं होतं की याला खरं सांगून टाकावं. पण रेडिओला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. आणि खरं सांगायचं तर त्याचा आनंद मोडायचं माझ्या जिवावर आलं. मी सांगितलं असतं, तर तो दाजींच्या पाठीमागे बसून नुसत्या हाकेवर विसंबला नसता.

तो दिवस मंगळवार होता, दुपारचा एक वाजून गेला होता. दाजी खड्ड्यात एका घडवंचीवर उभे राहून प्रेसचा वरचा भाग साफ करत होते. रेडिओ खाली, तळाशी. तेवढ्यात फाटकावर बर्फाची गाडी आली. बर्फ थांबत नाही, उतरवून घ्यावाच लागतो. मी नरसाळं काठोकाठ भरलं, दाजींना खूण केली, गाडी आलीय, दहा मिनिटं. त्यांनी हात हलवला, जा. रेडिओने तर माझ्याकडे बघितलंही नाही, त्याचं काहीतरी सांगणं चाललं होतं. मी गेलो. खोकी उतरवली. मग ड्रायव्हर म्हणाला चहा घेऊ, आणि मी चहा घेतला. अर्धा कप नाही, पूर्ण कप, आणि बसून. दहाची वीस मिनिटं झाली. तेवढ्यात कुणीतरी खोक्यांची एक गाडी ढकलत नेली आणि खड्ड्याजवळ जागा दिसली म्हणून तिथे उभी केली. तिचं चाक पंख्याच्या पाइपावर होतं.

मी काठावर आलो तेव्हा गन चालू होती. दाजींची पाठ माझ्याकडे. खाली पांढरं धुकं नेहमीपेक्षा दाट, आणि त्यात रेडिओ कुशीवर पडलेला, काहीतरी शोधत असल्यासारखा एक हात पुढे. तो हात घडवंचीच्या पायाशी पोचायला वीतभर कमी पडला होता. मी नळी धरणार तेवढ्यात दाजींनी गन थांबवली. आवाज थांबला आणि मीटर ऐकू आला. तो किंचाळत होता, सगळ्या शेडमध्ये घुमत होता. दाजींनी दांड्यावर बोटं टेकवली. एक, दोन, तीन. वर बघितलं. मी जिथे नेहमी उभा असतो तिथे बघितलं, मी मात्र पाइपाच्या बाजूला होतो. मी दिसलो नाही तेव्हा त्यांनी स्वतःच मान हलवली आणि गन पुन्हा चालू केली.

मी तीन हिसके दिले. दाजी वळले आणि त्यांना खाली रेडिओ दिसला. मी गाडी ढकलून दिली, पाइप मोकळा केला, ओरडून माणसं जमवली. दाजींनी श्वास रोखून खाली उडी घेतली, हातमोजे फेकून रेडिओला काखेत धरलं आणि दोर बांधला. त्या गडबडीत गनच्या गोठलेल्या तोंडाला हात लागून दोन्ही तळव्यांची कातडी सोलली. आम्ही रेडिओला वर ओढलं. छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, अॅम्ब्युलन्स आली. डॉक्टरांनी खाली वाकून बघितलं आणि सावकाश उठून उभे राहिले. ते उठले तेव्हाच मला कळलं.

दुसऱ्या दिवशी जबाब. दाजींच्या दोन्ही हातांना पट्ट्या, म्हणून लिहायला मी. मॅनेजर समोर बसून विचारत होते आणि दाजी त्यांच्या ओठांकडे बघत उत्तरं देत होते. "मीटर वाजला का?" दाजी म्हणाले, "मला नाही आला ऐकू." खरं ते बोलले. माझं पेन थांबलं. 'ऐकू आला नाही' लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, का नाही आला? मी लिहिलं, 'मीटर वाजला नाही.' वाचून दाखवताना मान खाली घातली, म्हणजे दाजींना माझे ओठ दिसणार नाहीत. त्यांनी पट्टी बांधलेल्या हाताने वेडीवाकडी सही केली. मॅनेजरने सुटकेचा श्वास सोडला. पाइपावर गाडी कुणी लावली याबद्दल त्यांनी आधीच कानांवर हात ठेवले होते. आता तर दोषी मीटरच झाला, आणि मीटर म्हणजे स्टोअरकीपर.

स्टोअरकीपर दर सोमवारी प्रत्येक मीटर गॅसच्या बाटलीवर धरून वाजवून बघायचा. त्याला आठवड्याच्या आत काढलं. जाताना तो माझ्यापाशी आला. भांडला नाही. "सोमवारी मी स्वतः वाजवून बघितला होता," एवढंच म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला. माझी नजर वर उठेना. घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "यांना सांगितलंस?" मी म्हटलं, नाही. "मग मला कशाला सांगतोस?" म्हणून ती आत निघून गेली.

तीन आठवड्यांनी दाजींच्या पट्ट्या सुटल्या. त्या दिवशी ते म्हणाले, रेडिओच्या घरी जायचं. मी टाळायला बघत होतो, त्यांनी चपला घातल्यासुद्धा.

दुसऱ्या मजल्यावरची दीड खोली. एक पलंग, दोन खुर्च्या, खिडकीत वाळत टाकलेला एकच टॉवेल. रेडिओची बायको ठेंगणी, शांत बाई. तिने दाजींना खुर्ची दिली आणि स्वतः समोर पलंगाच्या कडेला बसली, त्यामुळे दाजींना तिचे ओठ नीट दिसत होते. माझं नशीब बघा, मला त्याचंच बरं वाटलं, की चला, वेळ मारून नेता येईल.

"तुम्ही याल असं वाटलंच होतं," ती म्हणाली. "हे रोज तुमचंच नाव घ्यायचे. म्हणायचे, जगात माझं ऐकून घेणारा एकच माणूस आहे. खरं सांगते भावजी, मी नाही ऐकायचे. दिवसभर दमायचे, त्यात यांचं सुरू झालं की म्हणायचे, आता पुरे. मग पुढे पुढे घरी बोलणंच कमी केलं यांनी. म्हणायचे, आज दादांना सगळं सांगून झालं, आता काही शिल्लक नाही."

दाजींची नजर तिच्या ओठांवर होती.

"आता घरात इतकं शांत असतं," ती म्हणाली. "म्हणून विचारते. सहा वर्षांचं त्यांचं सगळं बोलणं तुमच्याकडे आहे. काही तरी सांगा त्यातलं. काहीही चालेल. त्या दिवशी काय सांगत होते?"

मी लगेच तोंड उघडलं. माझ्याकडे मांजर होतं, विहिरीतली चप्पल होती. अर्धीमुर्धी का होईना, मी तेवढं ऐकलेलं होतं. "वहिनी, त्या दिवशी ते..." एवढं म्हणेपर्यंत दाजींनी आपला सोललेला तळवा माझ्या गुडघ्यावर दाबला. दुखलं असणार त्यांना.

"मला ऐकू येत नाही, वहिनी," दाजी म्हणाले. किती मोठ्याने बोलतोय हे त्यांना कळत नाही, त्यामुळे ते शेजारच्या खोलीतही ऐकू गेलं असेल. "सात वर्षं झाली. ते कामाला आले त्याच्या आधीपासून. मी लपवलं. ते बोलायचे आणि मी मान हलवायचो. त्यांचा आवाज कसा होता तेसुद्धा मला माहीत नाही. मीटर वाजत होता की नव्हता, मला कळलं नाही. यानेही कुणाला सांगितलं नाही, माझ्यासाठी."

मला वाटलं आता ओरडेल, हाकलून देईल, द्यायला हवं होतं. तिने पदर तोंडाशी नेला, मान खाली घातली, आणि त्या पदरातच काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं. दाजींना तिचे ओठ दिसले नव्हते. ते माझ्याकडे वळले.

"काय म्हणाल्या?"

काही म्हणाल्या नाहीत, असं सांगता आलं असतं. जाऊ द्या म्हणाल्या, असंही सांगता आलं असतं. ती मान खाली घालून बसली होती, तिला कळलं नसतं, आणि दाजींना तर मी सांगेन तेच कळणार होतं. याआधी मी एकदा त्यांच्या आणि खऱ्याच्या मध्ये उभा राहिलोच होतो. कागदावरचा शब्द आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बदलला, पण माझ्यापुरता तो त्या खुर्चीवर बदलला. मी दाजींच्या समोर सरकलो, तोंड त्यांच्या तोंडासमोर आणलं, आणि एकेक शब्द सुटा करून, ती म्हणाली तसाच्या तसा सांगितला.

"म्हणाल्या, म्हणजे त्यांनी तुम्हाला हाक मारली असणार."